योमसरांचा हँडब्रेक

चालवणारं आत कुणीही नसताना गाडी हलली, तेव्हा कार्यक्रमाची लेखिका मीरान कागदी पेल्यातली कॉफी कॉफीच्याच रिकाम्या पुडीनं ढवळत होती. स्टुडिओच्या मागच्या आवारात फिकट हिरव्या रंगाची ती तीस वर्षांची जुनी मोटार उभी होती, आणि मग ती उभी नव्हती. आवाज असा काही झालाच नाही. एवढं लोखंड जागचं सुटतं आणि चाकाखालचा एखादा खडा सोडला तर कुणी काही बोलत नाही, याचंच तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. गाडी सावकाश मागे सरकली, कुणाला तरी वाट करून द्यावी तशी. विलायतेहून आलेला ग्रेगसन फोनवर बोलत नेमका तिच्या वाटेत पाठमोरा उभा होता. कुणीतरी किंचाळलं, तो बाजूला उडाला, आणि गाडी कचऱ्याच्या पिंपाला जाऊन टेकली. पिंप आडवं झालं. त्यातून दुपारच्या जेवणाचे रिकामे डबे घरंगळत बाहेर आले, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

“योमदादा, तुमची गाय सुटली बघा!” जेरिम ओरडला. जेरिम हा जुन्या मोटारींवरच्या या विनोदी कार्यक्रमाच्या तीन निवेदकांतला धाकटा, विनोदी नट. त्याला ओरडायचेच पैसे मिळत.

तिघांतले थोरले, योमसर, नुकतेच त्या गाडीतून उतरून मीरानशेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी वळून बघितलं. तिच्याकडे न पाहता, ओठ फारसे न हलवता त्यांनी विचारलं, “ही कुणाची गाडी?”

“तुमची, सर. आत्ता तुम्हीच आणलीत.”

“हो का,” ते म्हणाले. “बरं.”

आणि मग, कुणी कोट चढवावा तसा त्यांनी चेहरा चढवला. कमरेवर हात, मान मागे, तोच भरदार आवाज, ज्याच्यावर एके काळी अर्ध्या देशातल्या बायका जीव टाकत. “बघितलंत? मी चार पावलं लांब गेलो तर तिला करमेना!” सगळे हसले. मीरानही हसली. पण ‘हो का’ आणि ‘बघितलंत’ या दोहोंच्या मध्ये जी रिकामी जागा राहिली होती, ती तिनं पाहिली होती. जिन्यावरून उतरताना एक पायरी कमी निघावी आणि पाय नुसताच खाली जावा, तशी ती जागा होती. कॉफी गार झाली तरी ती पुडीनं ढवळतच राहिली.

कारण शोधायला कुणाला कष्ट पडले नाहीत. आमच्या वसाहतींमध्ये गाड्या जास्त आणि आखलेल्या जागा कमी. उशिरा येणारा माणूस आपली गाडी दुसऱ्यांच्या गाड्यांपुढे आडवी लावतो, हँडब्रेक सोडतो, गिअर काढून ठेवतो आणि वर झोपायला जातो. सकाळी ज्याला निघायचं असतं तो त्या गाडीच्या पाठीला हात लावून ती बाजूला ढकलतो. साहेब ढकलतात, टाचांचे बूट घातलेल्या बायका ढकलतात, कुणी कुणाला काही म्हणत नाही. योमसरांनी उभ्या जन्माची सवय पाळली होती, एवढंच. फक्त आवाराला नाल्याच्या बाजूनं उतार होता. निर्माता-दिग्दर्शक मेंगनं हे सगळं ग्रेगसनला आपल्या मोडक्या इंग्रजीत, हातांनी ढकलण्याचा अभिनय करत समजावून सांगितलं. आपण आत्ता चिरडलो असतो हे ग्रेगसन विसरूनच गेला. त्याच्या निळ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, हसून. असं काहीतरीच आम्हाला हवं होतं, तो म्हणाला. तुमचं, इथलं, अस्सल. दर भागात पाहिजे.

मीरानच्या मनात प्रत्येक माणसाचा एक जमाखर्च चालू असे. तो कुठं लिहिलेला नव्हता, आणि त्याची बेरीज तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. मेंगच्या खर्चाच्या बाजूला बुडालेले तीन कार्यक्रम आणि एक घटस्फोट होता. जमेला एवढंच, की बुडणाऱ्या जहाजावरूनही तो जेवणाचे डबे वेळेवर वाटायचा. मधला निवेदक दोह्यन शर्यतीतला खराखुरा चालक. त्याला गाडीतलं सगळं कळे आणि माणसातलं काही नाही, म्हणून त्याच्यावर राग धरता येत नसे. जेरिम दिवसभर दुसऱ्याची टर उडवी आणि घरी आईला फोनवर ‘जेवलीस का’ विचारताना त्याचा आवाज चोरट्यासारखा व्हायचा. ग्रेगसनच्या जमेला एक गोष्ट तिनं पहिल्याच दिवशी मांडली होती. चित्रीकरण सुरू होण्याआधी रिवाजाप्रमाणे पाटावर डुकराचं उकडलेलं मुंडकं मांडून, चाकांवर तांदळाची दारू शिंपडून सगळ्यांनी दंडवत घातला, तेव्हा हा लांब गोरा माणूस कुणी न सांगता गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कपाळ जमिनीला लावलं. नंतर कपाळाची माती त्यानं पुसली नाही. खर्चाच्या बाजूला त्याची पोथी होती.

पोथी म्हणजे ज्या विलायती कार्यक्रमाची ही इथली आवृत्ती होती, त्याचा आराखडा. जाडजूड. मेंगच्या टेबलावर तिच्यावर नूडल्सचा वाडगा ठेवून ठेवून एक गोल डाग पडला होता. तिच्यात सगळं होतं: तीन मध्यमवयीन पुरुष, जुन्या भंगार गाड्या, अशक्य प्रवास, आणि पानोपानी एकमेकांचा अपमान. तिघं बरोबरीचे आहेत, हे त्या पोथीनं गृहीतच धरलं होतं. इथं थोरल्याला अडुसष्टावं चालू होतं आणि धाकटा चौतिसाचा. पहिल्या चित्रीकरणात मीराननं पोथीबरहुकूम टोमणा लिहिला: ही गाडी आणि तुम्ही, दोघांचंही पुढचं काही चालत नाही. जेरिमनं तो म्हटला, आणि म्हणता म्हणता त्याची मान आपोआप खाली गेली, दोन्ही हात मांड्यांवर आले, आणि टेबलाखालून तो पुटपुटला, “माफ करा सर.” माइकनं ते पकडलं. पुन्हा घेतलं. पुन्हा मान खाली. सातव्या वेळेला मेंग म्हणाला, “अरे जेरिम, तुला यांच्याकडे मुलगी मागायची आहे का?” मग ‘सर’ काढून ‘दादा’ घातलं. मग टोमणे बोथट केले. मग ते इतके बोथट झाले की पहिला भाग बघून मीरानच्या मोठ्या बहिणीनं फोन केला, “अगं, छान होता. कीर्तनासारखा.” मीरानच्या वीस वर्षांच्या लेखनाचं त्याहून नेमकं परीक्षण कुणी केलं नव्हतं.

आणि आता हा हँडब्रेक मिळाला. कुणाला काही बोलावं लागत नव्हतं. योमसर ऐटीत उतरायचे, कॅमेऱ्याकडे वळून एखादं मोठं वाक्य टाकायचे, आणि पाठीमागे त्यांची गाडी निमूटपणे चालू लागायची. अपमान गाडीच करायची. जेरिम नुसता बोट दाखवायचा. पहिल्यांदा ती भाताच्या खाचरात गेली, दुसऱ्यांदा एका मंगल कार्यालयाच्या फुलांच्या तोरणांत, आणि लोक वेडे झाले. बाजारात मुळे विकणाऱ्या बायका योमसरांना हाक मारून सांगू लागल्या, “अहो आजोबा, ब्रेक ओढलात का?” ते थांबून, छातीवर हात ठेवून, “घरीच राहिला वाटतं,” म्हणायचे. ग्रेगसननं ते तुकडे विलायतेला पाठवले. तिकडेही हसले म्हणे. दुसऱ्या हंगामाचं बोलणं निघालं. मीरान रोज सकाळी ‘योम विसरतात’ असं लिहून त्याच्यापुढे विसरण्याची नवी जागा शोधत बसायची, आणि संध्याकाळी हात धुताना मार्करची शाई नखांच्या कडेला राहिलेली तिला दिसायची.

मार्कर पूर्वीपेक्षा लवकर संपत होते. कॅमेऱ्याच्या भिंगाखाली, जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि चित्रकलेच्या मोठ्या वहीच्या पानांवर वाक्य लिहून धरायचं, हे लेखिकेचं काम. पहिल्या भागात एका पानावर योमसरांची चार वाक्यं मावत. मग तीन. मग अक्षरं एवढी मोठी झाली की एका पानावर एकच वाक्य, आणि त्यात जेरिमचं नाव असेल तर ‘जेरिम’ वेगळ्या रंगात. डोळे गेलेत दादांचे, असं सगळे म्हणत. मीरानही म्हणे. पण तिनं त्यांना लांबच्या फलकावरचे आकडे चष्म्याशिवाय वाचताना पाहिलं होतं, आणि ते तिनं कुठल्या बाजूला मांडायचं हे न ठरवता तसंच ठेवून दिलं होतं.

तिचं पहिलं काम आठवलं की तिला कागदाची ऊब आठवे. मालिकांचे ते दिवस. प्रसंग आज चित्रित व्हायचा आणि त्याची पानं आजच यायची, तीही तुकड्यातुकड्यांनी. ती सगळ्यांत कनिष्ठ, म्हणून पानं घेऊन पळायचं तिनं. यंत्रातून नुकतीच निघालेली पानं छातीशी धरून ती जिने चढायची, आणि वर योम ग्वांगसिक नावाचा नायक रंगरंगोटी करून घेत बसलेला असायचा. तो एका हातानं पान घ्यायचा. डोळे वरून खाली एकदा जायचे, विहिरीत पोहरा सोडावा तसे, आणि पान परत तिच्या हातात. “घे. झालं.” पान अजून गरमच असायचं. त्याची वाक्यं त्याला पाठ, नायिकेची पाठ, दाराशी उभ्या राहणाऱ्या पोलिसाचीही पाठ. एकदा एका म्हाताऱ्या नटीची भर प्रसंगात वाचा बसली, तेव्हा यानं तिचं वाक्य प्रश्न करून तिलाच विचारलं, ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं आहे का, की...’ आणि तिनं फक्त हो म्हटलं. कुणाला कळलं नाही. बघणाऱ्यांत फक्त मीरानला कळलं, कारण पान तिच्या हातात होतं. त्या दिवशी तिला वाटलं होतं, आपण मोठेपणी असं व्हावं. मोठी झाली तेव्हा ती वाक्यं लिहिणारी झाली, आणि आता ती अक्षरं मोठी करत होती.

एका गोष्टीनं मात्र तिची झोप उडाली. सहाव्या भागात योमसर गाडीतून उतरले, मोठं वाक्य टाकलं, आणि गाडी हललीच नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला होता, नीट, वरपर्यंत. मेंगनं ‘कट’ म्हटलं. जेरिम पोट धरून जमिनीवर बसला, “दादा, तुम्ही विसरायला विसरलात!” सगळं आवार हसलं. योमसरही हसले, मग त्यांनी विचारलं, “आज काय विसरायचं होतं?” तेव्हा तर हसण्याचा कहर झाला. त्या दिवसापासून काय खरं आणि काय नाटक हे कुणालाच ओळखता येईना, आणि मीरानला शंका येऊ लागली की योमसरांनाही येत नसावं. त्यांनी चुकीच्या दारातून आत यावं, लोकांनी टाळ्या द्याव्यात. त्यांनी दोह्यनला जुन्या मालिकेतल्या कुणा नटाच्या नावानं हाक मारावी, जेरिमनं ते उचलून धरावं. विसरण्याला लपायला एवढी मोठी, एवढ्या दिव्यांची जागा मिळाली होती, आणि ती जागा बांधून दिली होती मीराननं. तिला दमल्यासारखं वाटे, पण कामानं दमावं तसं नाही. दिवसभर हसऱ्या माणसांमध्ये बसून गालांचे स्नायू दुखावेत, तसा तो थकवा होता, आणि तो मनातही दुखे.

घाटाचा भाग तिनंच लिहिला. मिशिर्योंगचा जुना घाट. बोगदा झाल्यापासून त्यावर वाहतूक उरलेली नाही, नागमोडी रस्ता आणि बाजूला नुसता धुकट, समुद्राकडचा उतार. योमसर वरून गाडी घेऊन एकटे उतरतील, तिसऱ्या वळणावर समुद्र बघायला थांबतील, उतरतील, आणि गाडी पुढे जाऊन गवताच्या भाऱ्यांमध्ये घुसेल. ग्रेगसन मुद्दाम हा भाग बघायला येणार होता, आणि दुसऱ्या हंगामाचं काय ते त्यानंतर सांगणार होता. कागदावर ते फार छान दिसत होतं.

जाताना महामार्गावरच्या थांब्यावर सगळी मंडळी उतरली. नोव्हेंबरची सकाळ, उन्हाला धार नव्हती. योमसर लोण्यात परतलेल्या छोट्या बटाट्यांचा द्रोण घेऊन बाकावर एकटेच बसले होते. मीरान जवळ जाऊन उभी राहिली.

“बस की. उभी राहिलीस की झडतीला आल्यासारखी दिसतेस.”

ती बसली. त्यांनी द्रोण पुढे केला. तिनं काडीनं एक बटाटा टोचला. बटाटा फार गरम होता. तोंडात इकडून तिकडे फिरवता फिरवता तिला बोलता येईना, आणि तेवढ्यात ते बोलले.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“पिंप पडलं त्या दिवसापासून.”

“मग लिहीत का राहिलीस?”

“लोक हसत होते, सर.”

“मीही हसलो. मला वाटलं, चला, सोय झाली.” त्यांनी काडी द्रोणात उभी रोवली. “परवा आमच्या आवारात गाडी काढत होतो. कुठला पाय कशावर ठेवायचा, ते सुचेना. विसरलो असं नाही हं. पाय माझे आहेत असंच वाटेना. बायको शेजारी. ती म्हणाली, उतरा. उतरलो. ती तिकडून फिरून आली आणि तिनं चालवली. दवाखान्यापर्यंत एक अक्षर बोलली नाही. तिथं डॉक्टर माझ्याशी बोलायचा सोडून तिच्याशीच बोलला.”

“आज तुम्ही गाडी चालवायची नाही.”

“तेच म्हणतोय. आज मला गाडी देऊ नकोस. पण मी नको म्हणालो, असंही होऊ देऊ नकोस.”

“मग काय लिहू?”

“लेखिका तू. पाय मुरगळला लिही.”

“मुरगळलेला पाय पुढच्या भागात बरा होतो, सर.”

“होऊ दे.”

“आणि त्याच्या पुढच्या भागात?”

योमसर पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघू लागले. एक बाई लहान मुलाला पाठीशी बांधून दार कोपरानं उघडत होती. “घरी आता कपाटांवर चिठ्ठ्या लागल्यात,” ते म्हणाले. “भांडी. मोजे. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो की बायको आत जाऊन गॅस बघून येते. वाईट नाही ती. माझ्यासमोर जात नाही, मी वळलो की जाते. इथंही माझ्यापुढे पाट्याच धरता तुम्ही लोक. पण इथं त्याला कुणी आजार म्हणत नाही, पोरी. इथं त्याला टीव्ही म्हणतात.”

ती मेंगकडे गेली तेव्हा तो गाडीच्या टपावर नकाशा पसरून उभा होता. तिनं सरळ सांगितलं. एका दमात, कारण दुसऱ्या दमात जमलं नसतं. मेंगनं नकाशाची घडी घातली, ती चुकली, पुन्हा उघडली.

“बाई, तुम्ही हे मला सांगितलंत, हे मी ऐकलेलं नाही.”

“मग पुन्हा सांगते.”

“नका सांगू!” तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “मी काय आंधळा आहे? पाट्यांवरची अक्षरं मला दिसत नाहीत? सगळ्यांना थोडं थोडं माहीत आहे, आणि सगळ्यांनी आपापल्यापुरतं थोडंच ठेवलंय. त्या गोऱ्याला काय सांगू? तुला जे आवडलं, तो यांच्या मेंदूचा आजार आहे?” मग तो मऊ झाला. “एक उतरण. दोह्यन खाली वाकून शेजारच्या सीटवर बसेल, त्याच्या हाताशी ब्रेक राहील. खाली भारे आहेत. संपलं की आपण नीट विचार करू. मी स्वतः त्यांच्या घरी जाईन. आज नको. चाळीस माणसं आहेत या कार्यक्रमावर.”

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं म्हणणं तिला पटत चाललं. मेंग दुष्ट नव्हता. दोह्यनचा हात खरोखरच भरवशाचा होता. एक उतरण. घाटाच्या वळणावळणानं गाडी चढत असताना ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि तिला जाणवलं, की आपण तो प्रसंग मनात पुन्हा लिहितोय, दोह्यन खाली वाकलेला दिसू नये म्हणून कॅमेरा कुठं ठेवावा याचा विचार करतोय, आणि त्यात एक चांगला विनोदसुद्धा सुचलाय. कानात दडे बसले. तिनं आवंढा गिळला, दडे सुटले नाहीत. माणूस एवढं थकतं तेव्हा त्याला शहाणं म्हणतात, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं, आणि तेही वाक्य म्हणून बरं आहे असं वाटून तिला स्वतःचीच किळस आली.

वर वारा होता. धुकं रस्त्यावरून आडवं जात होतं. हिरवी गाडी उताराकडे तोंड करून उभी होती, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले. ग्रेगसन कान झाकणारी टोपी घालून लहान मुलासारखा आनंदात उभा होता. तिघं निवेदक ओळीनं उभे राहिले. दोह्यनला मेंगनं सांगून ठेवलं होतं; तो कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता. मीरान नेहमीसारखी भिंगाखाली मांडी घालून बसली. डांबर गार होतं, गारवा कपड्यांतून वर चढत होता. पहिलं पान तयार होतं: ‘आज हा घाट माझा!’ योमसरांची नजर खाली आली, पान शोधू लागली. ती नजर तिनं कधी एवढ्या खालून, एवढ्या जवळून पाहिली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी ती पानं घेऊन पोचायची तेव्हा वाट बघणारी नजर तिची स्वतःची असायची. तिनं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर मार्करनं भराभर दोन ओळी ओढल्या.

आज गाडी जेरिम चालवेल. माझा पाय मुरगळला आहे.

मेंगला मागून पाटी दिसत नव्हती. योमसरांनी पहिली ओळ वाचली, मोठ्यानं, त्याच भरदार आवाजात. “आज गाडी जेरिम चालवेल!”

जेरिमचं तोंड उघडं पडलं, ते खरं होतं. योमसरांची नजर दुसऱ्या ओळीवर गेली. ती तिथं थांबली. ओठ हलले, म्हणजे त्यांनी ती वाचली होती. मग त्यांनी पाटीवरून नजर उचलली आणि समोरच्या भिंगाकडे न बघता, धाकट्याकडे वळून म्हणाले, “कारण कुठला पाय कशावर ठेवायचा, ते मला आठवत नाही.”

हशा पिकला. दिवे धरणारे हसले, जेवणाचे डबे आणणारी माणसं हसली, ग्रेगसनला कुणीतरी अर्थ सांगितला आणि तो सगळ्यांच्या नंतर, एकट्यानंच मोठ्यानं हसला. योमसर हशा ओसरायची वाट बघत राहिले, रंगमंचावरचा माणूस बघतो तशी, सवयीनं. मग म्हणाले, “हसू नका.” त्यावरही हसले. चाळीस वर्षं ज्याच्या खोट्यावर लोकांनी विश्वास ठेवला होता, त्याला आता आवाज सापडेना. त्यानं भरदारपणा टाकून दिला. खाली जो आवाज उरला तो पातळ होता, जरा चिरका, कुठल्याशा खेड्यातला. मीराननं तो कधी ऐकला नव्हता. “खरंच सांगतोय. मला विसरायला होतं. गाडी सोडून मी उतरतो ते गंमत म्हणून नाही.”

वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. जेरिमचं हसू चेहऱ्यावरून लगेच गेलं नाही. ते कुठं ठेवावं हे न कळून तो उभा राहिला. योमसरांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली. जेरिम पुढे आला आणि कमरेतून वाकून, दोन्ही हात पुढे करून त्यानं ती घेतली. पोथीत असलं काही नव्हतं. दोह्यन रस्त्याकडे तोंड करून नाक पुसत होता.

“थांबवू नका,” मीरानच्या डोक्यामागून मेंग कुजबुजला. “चालू ठेवा. चेहरा. चेहरा घ्या.” मेंगचा आवाज ओला होता. तो खरोखर रडत होता, आणि खरोखर चेहरा मागत होता. वर भिंगाचं कडं हळूच फिरल्याचा आवाज तिला आला. म्हणजे आता त्या चौकटीत फक्त योमसरांचे डोळे असणार. ते डोळे विलायतेला जाणार, बाजारात जाणार, मुळे विकणाऱ्या बायका दुःखानं हळहळणार, दवाखान्यातल्या डॉक्टरसारख्या त्यांना सोडून त्यांच्याबद्दल बोलणार. हे तिनं एवढं सविस्तर नंतर मांडलं. त्या क्षणी फक्त कडं फिरलं आणि ती उठून उभी राहिली.

लेखिकेनं चौकटीत यायचं नसतं. वीस वर्षांत तिचं कोपरसुद्धा कधी आलं नव्हतं. पायाला मुंग्या आल्या होत्या, मांडीवरची वही डांबरावर पडली, आणि तिच्या पाठीनं, तिच्या फुगीर काळ्या जाकिटानं भिंग सबंध भरून गेलं. “अहो मीरानबाई!” मेंग ओरडला. “बाई, बाजूला व्हा! काय करताय?” कॅमेरावाला डावीकडे सरकला तशी ती डावीकडे झाली. तो उजवीकडे आला, तीही आली. समोर योमसर होते, एका हाताच्या अंतरावर. त्यांच्या कपाळावरची पावडर वाऱ्यानं भेगाळली होती. त्यांनी तिच्याकडे, मग तिच्या खांद्यावरून मागे बघितलं, आणि त्यांच्या भुवया आक्रसल्या, एखाद्या नवख्या मुलीनं प्रसंगाचा विचका केला की आक्रसायच्या तशा.

“पोरी, खाली बस,” ते हळूच, समजुतीच्या सुरात म्हणाले. “शॉट खराब होतोय.”

“होऊ दे, सर,” ती म्हणाली, आणि बसली नाही.